खातं कोणाच्या काळात थकलं?

बँकेच्या कर्जविभागात आयुष्य घालवलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. कर्ज देणारा आणि कर्ज बुडाल्यावर मेमो घेणारा, हे दोघे सहसा एक नसतात. मंजुरीच्या टिपणावर सही ठोकणारे साहेब तोवर बदली होऊन भावनगरला गेलेले असतात, नाहीतर बढती घेऊन झोनल ऑफिसात, नाहीतर निवृत्त होऊन बडोद्याच्या कमाटीबागेत नातवंडांना आगगाडीत बसवत असतात. इकडे हप्ता नव्वद दिवस चुकतो, खातं एनपीए होतं, म्हणजे थकीत ठरतं, आणि त्या दिवशी खुर्चीवर जो कोणी बसलेला असेल त्याच्या नावाने पत्र निघतं: तुमच्या कार्यकाळात सदर खाते थकीत झाले, खुलासा करावा.

पत्र खोटं नसतं. कार्यकाळ त्याचाच असतो. पण चौकशीला येणारा अधिकारी जरा जरी जाणता असला, तर तो फाइल शेवटच्या पानावरून वाचत नाही. पहिल्या पानापासून वाचतो. मंजुरी कोणाची, गहाण जागेचं मूल्यांकन कोणी केलं, गोदामात माल आहे की नुसती रिकामी पोती आहेत हे बघायला कोण गेलं होतं. आणि मग तो नूतनीकरणाच्या पानांवर येतो. माझ्या मते सगळी पापं तिथे असतात. पहिली मंजुरी देताना माणूस निदान घाबरतो तरी. नूतनीकरणाला कोणी घाबरत नाही. जुनं खातं आहे, मागच्या साहेबांनी चालवलं, आपणही चालवू. सही.

निवडणुकीच्या प्रचारात आर्थिक संकटाचा दोष वाटला जातो तेव्हा मला नेहमी हा मेमो आठवतो. तिथे पत्र तेवढं निघतं, फाइल कोणी उघडत नाही.

2008 ची अनंत चतुर्दशी रविवारी होती. सूरसागर तलावावर गणपती पोचवून सगळे दमून झोपले, आणि सोमवारी, 15 सप्टेंबरला, अमेरिकेतल्या लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरीचा अर्ज केला. बडोद्यात ही बातमी परकी नव्हती. इथे दर दुसऱ्या घरातलं कोणीतरी न्यू जर्सीत असतं. आमचा भाचाही तिकडेच, एका विमा कंपनीच्या संगणकखात्यात. अमेरिकेतल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या मतदानाला तेव्हा सात आठवडे उरले होते. त्याच सोमवारी फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन म्हणाले, की अर्थव्यवस्थेचा पाया भक्कम आहे. त्याच भाषणात त्यांनी काळ कठीण असल्याचंही कबूल केलं होतं, पण ते कोण लक्षात ठेवतो? डेमोक्रॅट उमेदवार ओबामांच्या प्रचाराने ते एक वाक्य उचललं आणि नोव्हेंबरपर्यंत खाली ठेवलं नाही. मंगळवारी सरकारने एआयजी या विमा कंपनीला 85 अब्ज डॉलरचा आधार दिला. भाच्याचा फोन आला तेव्हा तो राजकारणावर नाही, स्वतःच्या घराच्या हप्त्यावर बोलत होता.

पुढच्या दोन आठवड्यांत जे झालं ते मी जमेल तेवढं टीव्हीवर आणि पेपरात पाहिलं, कारण एका प्रचंड बुडीत खात्याची चौकशी भर बाजारात चालल्यासारखं ते होतं. वित्तमंत्री पॉलसन यांनी बँका सावरायला 700 अब्ज डॉलर मागितले, आणि मूळ प्रस्ताव होता तीन पानांचा. आमच्या शाखेत एका ट्रॅक्टरच्या कर्जाला याहून जास्त कागद लागत! 24 तारखेला मॅकेन यांनी प्रचार थांबवल्याचं जाहीर केलं. 25 ला व्हाइट हाउसमध्ये दोन्ही उमेदवारांसह बैठक झाली, ती भांडणात संपली, आणि नंतर पॉलसन यांनी सभापती नॅन्सी पेलोसींपुढे गुडघा टेकून विनवणी केल्याच्या बातम्या आल्या.

मग 29 सप्टेंबर. आमच्याकडे पितृपक्षाचा शेवट, दुसऱ्या दिवशी घटस्थापना. तिकडे प्रतिनिधीगृहात मतदान. त्याआधीच्या भाषणात पेलोसींनी हे संकट म्हणजे बुश यांच्या धोरणांचं फळ असल्याचं ठासून सांगितलं. विधेयक मात्र त्याच बुश यांच्या सरकारचं होतं आणि ते मंजूर व्हायला त्यांच्याच पक्षाची मतं हवी होती. विधेयक 228 विरुद्ध 205 असं पडलं. राष्ट्राध्यक्षांच्या रिपब्लिकन पक्षाचे 133 सदस्य विरोधात गेले आणि 65 बाजूने आले, विरोधी डेमोक्रॅटांची 140 मतं बाजूने आणि 95 विरोधात. रिपब्लिकन नेते बाहेर येऊन म्हणाले, की पेलोसींच्या भाषणाने आमची मतं फिरली. डेमोक्रॅट बार्नी फ्रँक यांनी तिथल्या तिथे टोला हाणला, की कोणीतरी यांचं मन दुखावलं म्हणून हे देशाला शिक्षा देणार. त्या दिवशी तिथल्या शेअरबाजाराचा डाउ जोन्स निर्देशांक 777 अंकांनी कोसळला. चार दिवसांनी थोडं इकडचं तिकडे करून तेच विधेयक 263 विरुद्ध 171 मतांनी मंजूर झालं.

भाषणाने मतं फिरली हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. विरोधात गेलेल्या अनेकांची स्वतःची निवडणूक पाच आठवड्यांवर होती. वॉल स्ट्रीटला पैसे दिलेत म्हणून मतदार आपल्याला झोडतील, ही भीती पेलोसींच्या भाषणापेक्षा मोठी होती. पण दोष देणं किती महाग पडू शकतं याचा आकडा त्या दिवशी बाजाराने लिहून दाखवला, एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे घटस्थापनेला, आपल्या रिझर्व्ह बँकेला निवेदन काढावं लागलं, की आयसीआयसीआय बँकेकडे पुरेशी रोकड आहे. त्या बँकेच्या ब्रिटनमधल्या उपकंपनीकडे लेहमनचे रोखे होते, त्यावरून अफवा उठली होती. बँकेचं नोंदणीकृत कार्यालय आमच्या बडोद्यातलं. शेजारच्या काकू घट बसवायचा सोडून मला विचारायला आल्या, पैसे काढू का? मी नको म्हटलं. त्यांनी तरीही थोडे काढले. बँक ऑफ बडोदाची शताब्दी दोन महिन्यांपूर्वीच, 20 जुलैला झाली होती. सयाजीराव महाराजांचं नाव घेऊन काकू म्हणाल्या, महाराजांची बँक तरी आहे ना शाबूत?

आता फाइल उघडायची म्हटलं, तर त्या प्रचारात दोन्ही बाजूंनी एकेक आवडतं पान फाडून हातात धरलं होतं. रिपब्लिकनांचं पान 1977 चं. कार्टर यांच्या काळातला एक कायदा बँकांना गरीब वस्त्यांतही कर्ज द्यायला सांगतो, त्यामुळे नको त्यांना घरकर्जं मिळाली, आणि फॅनी मे, फ्रेडी मॅक या सरकारी छत्राखालच्या कंपन्यांनी ती विकत घेतली, असा त्यांचा दावा. डेमोक्रॅटांचं पान 1999 चं. व्यापारी बँका आणि गुंतवणूक बँका यांच्यातली 1930 च्या दशकातली भिंत पाडणारा कायदा, त्यावर नाव रिपब्लिकन सिनेटर फिल ग्रॅम यांचं, आणि हे ग्रॅम मॅकेन यांचे सल्लागार.

दोन्ही पानं तपासली तर कच्ची निघतात. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगाला दिसलं, की महागड्या व्याजाच्या त्या घरकर्जांपैकी जेमतेम 6 टक्क्यांचा 1977 च्या कायद्याशी काही संबंध होता. बहुतेक कर्जं ज्यांनी वाटली त्यांना तो कायदा लागूच नव्हता. आणि 1999 ची भिंत उभी असती तरी लेहमन बुडालीच असती, कारण ती व्यापारी बँक नव्हतीच, गुंतवणूक बँक होती. शिवाय त्या कायद्यावर सही होती क्लिंटन यांची. ग्रॅम यांनी जुलैमध्ये, देश रडवा झाला आहे असं काहीतरी बोलून प्रचारातलं पद घालवलं, तर ओबामांच्या उपाध्यक्षपदाच्या शोधसमितीवरचे जिम जॉन्सन जूनमध्येच पायउतार झाले होते. हे जॉन्सन फॅनी मेचे माजी प्रमुख. दोघांच्याही तंबूत एकेक.

इथे लोक हात झटकतात आणि म्हणतात, सगळेच सारखे. हे वाक्य मला मेमोपेक्षाही खोटं वाटतं. आमच्याकडे एखाद्या चौकशीत सात जणांवर समान दोष आला की समजावं, कोणालाच काही होणार नाही. दोष समान नसतो. कोणाच्या हातात अधिकार होता, त्याच्या टेबलावर लेखी इशारा कधी आला, आणि आल्यावर त्याने काय केलं, या क्रमाने गेलं की वजन बरोबर पडतं.

तसं गेलं तर माझं बोट प्रथम फेडरल रिझर्व्हवर, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेवर, थांबतं. घरकर्ज देताना काय चालेल, काय नाही, याचे नियम करायचा अधिकार फेडला 1994 च्या कायद्याने मिळाला होता. व्यापक नियम आले जुलै 2008 मध्ये, घर जळून गेल्यावर. 1998 मध्ये वायदेबाजारावर देखरेख करणाऱ्या आयोगाच्या प्रमुख ब्रुक्सली बॉर्न यांनी विचारलं होतं, की खासगीत होणाऱ्या डेरिव्हेटिव्ह, म्हणजे दुसऱ्या कशाच्या तरी किमतीवर बेतलेल्या, सौद्यांवर कोणाचीच नजर नसावी का. फेडचे अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन आणि क्लिंटन यांचे वित्तमंत्री रॉबर्ट रुबिन यांनी मिळून त्यांना गप्प केलं. 2000 मध्ये कायदाच झाला, की या सौद्यांना हात लावायचा नाही. एआयजी बुडाली ती त्याच सौद्यांत. आणि ग्रीनस्पॅन? रेगन यांनी 1987 मध्ये नेमले, थोरल्या बुश यांनी ठेवले, क्लिंटन यांनी ठेवले, धाकट्या बुश यांनी ठेवले. चार राष्ट्राध्यक्ष, दोन पक्ष. दर वेळी जुनं खातं आहे, चालू द्या. सही.

23 ऑक्टोबरला, मतदानाला बारा दिवस असताना, या ग्रीनस्पॅन यांनी संसदीय समितीपुढे मान्य केलं, की जग कसं चालतं याच्या आपल्या समजुतीतच एक दोष सापडला. मतपत्रिकेवर त्यांचं नाव नव्हतं. मॅकेन यांचं होतं, आणि ते हरले.

ते अन्यायाने हरले असं मात्र मी म्हणणार नाही. आठ वर्षं खुर्चीत बसलेल्या पक्षाला, खातं आमचं नाही, असं म्हणायची सोय नसते. भाचा म्हणाला होता, "मावशी, इथे सगळे सांगतात की क्लिंटननेच सुरुवात केली." मी म्हटलं, केली असेल, पण आठ वर्षांत एकदाही गोदाम का नाही उघडून बघितलं?

बडोद्याने स्वतः याच्या उलटं एक दृश्य पाहिलं आहे. 1991 चा उन्हाळा. देशाकडे दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं होतं. आखाती युद्धाने तेल महागलं, कुवेतमधून लाखाहून जास्त माणसं परत आणावी लागली, आणि त्याच्या मागे 1980 च्या दशकभर उधारीवर चाललेला खर्च. काँग्रेसने पाठिंबा काढल्याने मार्चमध्ये पंतप्रधान चंद्रशेखर यांनी राजीनामा दिला, पूर्ण अर्थसंकल्प मांडलाच गेला नाही. मे महिन्यात, ऐन प्रचारात, जप्त केलेलं 20 टन सोनं स्विस बँकेकडे रवाना झालं.

आमच्या शाखेत हे संकट रोज काउंटरवर उभं असे. रिझर्व्ह बँकेने आयातीच्या पतपत्रांवरचं (लेटर ऑफ क्रेडिट) रोख मार्जिन, म्हणजे आधी भरायची अनामत, वाढवत वाढवत दोनशे टक्क्यांवर नेलं होतं. मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत रंगांची कारखानदारी करणारे एक शेठ मला म्हणाले, "बेन, माल एक लाखाचा आणि डिपॉझिट दोन लाखांचं? मग माल कशाला मागवू?" त्यांना कळलेलं होतं. बाहेर भिंतींवर आणि रिक्षांच्या भोंग्यांवर मात्र यातलं एक अक्षर नव्हतं. बडोद्याची लढत होती दीपिका चिखलिया आणि रणजितसिंह गायकवाड यांच्यात, एकीकडे दूरदर्शनवरची सीता आणि दुसरीकडे राजवाडा. मांडवीखालून मिरवणूक गेली तेव्हा गर्दीत आम्हीही होतो, खोटं कशाला सांगू. सीता जिंकली. मंडल होतं, मंदिर होतं, 21 मे नंतर राजीव गांधींच्या हत्येचा धक्का होता. काँग्रेसच्या जाहीरनाम्यात शंभर दिवसांत भाव खाली आणायचं आश्वासन होतं. निवडून आलेल्या सरकारने जुलैत रुपयाचं अवमूल्यन केलं, आणखी जवळपास 47 टन सोनं गहाण टाकलं आणि अर्थसंकल्पात खतं महाग केली. सोनं गहाण टाकल्याचा डाग मात्र बहुतेकांच्या आठवणीत चंद्रशेखर यांच्या काळजीवाहू सरकारला चिकटला. दहा वर्षांची फाइल, आणि मेमो प्रभारी माणसाला.

आणि एक बडोद्याचंच. मार्च 2001 मध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक शेअरदलाल केतन पारेखच्या सौद्यांत बुडाली आणि गुजरातेतल्या ज्या सहकारी बँकांनी तिच्याकडे ठेवी ठेवल्या होत्या त्या हलल्या. माझ्या आत्याचे पैसे दांडिया बाजाराजवळच्या एका छोट्या सहकारी बँकेत होते, तीही पुढे बंद पडली. आत्या शाळेत शिक्षिका होती, निवृत्तीचे बरेचसे पैसे तिथेच. ठेवविम्याचे, तेव्हाच्या मर्यादेप्रमाणे, एक लाख मिळाले, तेही उशिरा. 2002 च्या डिसेंबरात विधानसभेची निवडणूक झाली. दंगलींनंतरच्या त्या प्रचारात ठेवीदारांचा विषय माझ्या कानावर तरी आला नाही. पुढे कधीतरी एका पक्षाचे कार्यकर्ते आले आणि म्हणाले, हा रिझर्व्ह बँकेचा दोष, म्हणजे केंद्राचा. मग दुसऱ्या पक्षाचे आले, त्यांच्या मते सहकार निबंधकाचा, म्हणजे राज्याचा. कायद्याने दोघेही बरोबर होते. सहकारी बँकांवर तेव्हा दुहेरी नियंत्रण होतं. आत्याने दोघांनाही चहा दिला आणि एकच विचारलं, "मला पक्ष नका सांगू. माझे पैसे कोणाला कर्जाऊ दिले आणि कोणी दिले, ते सांगा." संचालकांपैकी कोणाचं तरी नाव निघेल म्हणून दोघेही लवकर उठले. संचालक मंडळात दोन्ही पक्षांची माणसं होती.

2020 मध्ये बँकिंग नियमन कायदा बदलला आणि सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेचा ताबा पुष्कळ घट्ट झाला. त्याला कारण घडलं आदल्या वर्षी, मुंबईत. 23 सप्टेंबर 2019 ला पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, खातेदाराला काढता येणार फक्त हजार रुपये. बँकेच्या कर्जांतला सत्तर टक्क्यांहून मोठा वाटा एकट्या एचडीआयएल या बांधकाम समूहाला गेला होता आणि तो लपवायला 21,049 खोटी खाती रचली होती. महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान 21 ऑक्टोबरला. 10 तारखेला ठेवीदार भाजपच्या मुंबई कार्यालयाबाहेर अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांच्यापुढे उभे राहिले. त्या म्हणाल्या, अर्थमंत्रालयाचा याच्याशी थेट संबंध नाही, नियामक रिझर्व्ह बँक आहे. 15 तारखेला न्यूयॉर्कमध्ये त्यांनीच सांगितलं, की सरकारी बँकांचा सगळ्यात वाईट काळ पंतप्रधान मनमोहन सिंग आणि रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या वेळचा. 17 ला मनमोहन सिंग प्रचारासाठी मुंबईत आले. ते म्हणाले, आमच्या काळात काही उणिवा राहिल्या, पण तुम्ही पाच वर्षं सत्तेत आहात, किती दिवस आमच्याकडे बोट दाखवणार?

त्या दोघांत मला मनमोहन सिंग यांचं बोलणं अधिक सभ्य वाटलं, आपल्या पानावरची सही त्यांनी निदान ओळखली म्हणून. पण दोघंही बोलत होती ती कार्यकाळाबद्दल. खोटी खाती दोन्ही कार्यकाळांत चालली होती. ऑडिट होत होतं, तपासणी होत होती आणि सह्याही होत होत्या. कुठल्या तपासणीत कोणाला काय दिसलं, हे कोणत्याही सभेत कोणी विचारलं नाही. अमेरिकेत निदान आयोग नेमला. त्याचा अहवाल जानेवारी 2011 मध्ये आला, आणि दहा सदस्यांपैकी सहा डेमोक्रॅटांनी त्यावर सही केली, तर चारही रिपब्लिकनांनी वेगळी मतं लिहिली. तिघांनी एक, चौथ्याने आपलं एकट्याचं. पाचशेहून जास्त पानांची फाइल वाचून झाल्यावरसुद्धा मतदान पक्षावारी.

तरी मला तो अहवाल आपल्यापेक्षा बरा वाटतो. त्यात नावं आहेत, तारखा आहेत, कोणी कोणाला काय लिहिलं ते आहे. आत्या असती तर तिला तो आवडला असता. मुंबईच्या त्या बँकेचं 2022 च्या जानेवारीत युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनीकरण झालं. विम्याच्या पाच लाखांच्या वर ज्यांच्या ठेवी होत्या त्यांना उरलेली रक्कम टप्प्याटप्प्याने मिळायची आहे, मोठ्या ठेवीदारांना शेवटची दहा वर्षांनी, म्हणजे 2032 मध्ये. तोवर महाराष्ट्रात 2024 आणि 2029 अशा विधानसभेच्या दोन निवडणुकांचं मतदान झालेलं असेल.